पाच कागद, शिक्क्यासह

४ मार्च, मंगळवार

हामशेठ माझ्या टेबलाखाली होते. सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का त्यांच्या हातातून निसटून गडगडत आत गेला होता, आणि वकीलपत्रावर लाल ठसा अर्धाच उमटला होता.

"सापडला का?" मी विचारलं.

"शिक्का नाही. तुमच्या चपला सापडल्या," खालून आवाज आला. "आणि एक उशी. वकीलसाहेब, तुम्ही इथेच राहता की काय?"

ऑफिसात उशी ठेवणं गैर नाही.

शिक्का प्रिंटरमागे होता. तो प्यो बाईंनी काढून दिला. प्यो बाई मोठ्या फर्ममध्ये एकोणीस वर्षं माझं काम पाहत होत्या. मी ती फर्म सोडून सोच्यो या कोर्टकचेऱ्यांच्या भागात हे स्वतःचं ऑफिस उघडलं, तेव्हा न विचारता बरोबर आल्या. त्यांनी दुसरं वकीलपत्र ठेवलं. हामशेठनी या वेळी दोन्ही हातांनी शिक्का मारला.

हामशेठचा कारखाना व्हिएतनाममध्ये आहे. हमामखान्यात पाठ घासायचे हिरवे खरखरीत हातमोजे तिथे होतात. करार, जकात, कामगारांचे परवाने, सगळं मी पाहतो. आज मात्र ते मोज्यांसाठी आले नव्हते. त्यांच्या बायकोने व्हँकुव्हरच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकला आहे.

शिक्का पुसून झाल्यावर त्यांनी खिशातून एक कात्रण काढलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मीच लिहिलं होतं. व्हँकुव्हरच्या आपल्या लोकांच्या साप्ताहिकात गेल्या शरदात आलेला लेख. 'परदेशातून विभक्त होताना: पाच कागद.' वर माझा फोटो. प्रत्येक कागदापुढे निळ्या शाईने बरोबरची खूण आणि तारीख.

"थोरल्याने आईच्या फ्रिजवरून काढून पाठवलंय," हामशेठ म्हणाले. "विवाहनोंदीचा दाखला. कुटुंबनोंदीचा उतारा. पोरांच्या जन्माची नोंद. घराचा उतारा. माझ्या उत्पन्नाचा दाखला. एकेक करून सगळे मागवले तिने माझ्याकडून. आणि हा गाढव धावत जाऊन आणत होता. वर परदेशात चालावेत म्हणून तुमच्याकडून अपोस्टिलचे सरकारी शिक्के मारून घेत होता. फी भरून!"

"पहिला कागद मागितला तेव्हाच विचारायला हवं होतं, कशाला हवाय म्हणून."

"तुमची बायको कागद मागते तेव्हा तुम्ही विचारता?"

"माझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तुमचीही तिकडेच आहे. पोरीला इंग्रजी यावं म्हणून पाच वर्षं झाली. आपण सगळे हंस-बाप एकाच तळ्यावरचे."

बायकामुलांना शिकायला परदेशी ठेवून इथे एकटा कमावणारा, आणि वर्षातून एकदा समुद्र ओलांडून घरट्यात जाणारा. लोक त्याला हंस-बाप म्हणतात. माझ्या पक्षकारांत असे अकरा आहेत.

मी त्यांना धोरण समजावलं. कॅनडात पाऊल ठेवायचं नाही. तिथे गेलात तर कोर्टाचे कागद हातात पडतील. न गेल्यास ते सरकारी वाटेने यावे लागतात, भाषांतरासह, आणि भाषांतरात दोष काढता येतो. आठ महिने सहज मिळतात.

"आठ महिने मिळवून काय करू?"

"वेळ मिळतो."

"वेळच तर होता हो आमच्याकडे. सात वर्षं होता."

जाताना त्यांनी दहा मोज्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. कात्रण न्यायला विसरले. मी ते फाइलला लावलं. लेख वाचला जातो, हे कळलं.

१६ मार्च, रविवार

सकाळी नऊला व्हिडिओवर बायको, युन्हे. तिकडे शनिवारची संध्याकाळ. हारिन पोहायला गेली होती. आठवड्यातून तीनदा जाते. मला दोनदा वाटत होतं.

युन्हे म्हणाली, "हारिनचे बाबा, विवाहनोंदीचा दाखला हवा होता. तपशीलवार. अपोस्टिलसकट."

"मंगळवारी निघेल."

"घाई नाही. उन्हाळ्यात येणार असाल तर घेऊनच या."

"कुरिअरने तीन दिवसांत येईल. माझ्यासाठी कशाला थांबतेस?"

ती काही वेळ बोलली नाही. लाइन अडकली असावी. मग म्हणाली, "बरं."

त्यांच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण याच सुमारास येतं. तिला ते आधीच आठवलं, याचं कौतुक वाटलं. बहुतेक बायका शेवटच्या आठवड्यात फोन करतात. निदान माझ्या पक्षकारांच्या.

१८ मार्च, मंगळवार

दाखला काढून, भाषांतर करून, अपोस्टिल लावून पाठवला. एक दिवस, चार तास. मोठ्या फर्ममध्ये याला आठवडा लागायचा. प्यो बाईंनी पाकिटावर पत्ता लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडमना फोन करून विचारायचं का, आणखी काही हवंय का ते?"

"हवं असेल तर ती सांगेल."

"तेच म्हणतेय," प्यो बाई म्हणाल्या.

नवी कार्डं छापून आली. चार भाषांत. मागच्या बाजूला ओळ: 'समुद्र दोन, घर एक.' ही ओळ मला चालताना सुचली.

७ एप्रिल, सोमवार

युन्हेचा निरोप. कुटुंबनोंदीचा उतारा हवा. शाळेला लागत असणार. हारिन सप्टेंबरात वरच्या वर्गात जाईल. खाली लिहिलं होतं, 'चेरीची झाडं फुललीत. हारिन विचारत होती, बाबांनी इथली पाहिलीत का म्हणून.'

मी लिहिलं, 'इथेही फुललीत. उतारा उद्या निघेल.'

दुपारी उताऱ्याच्या दोन प्रती काढून ठेवल्या. एक जादा प्रत असावी म्हणून.

१९ एप्रिल, शनिवार

हामशेठ ओढून हमामखान्यात घेऊन गेले. म्हणाले, गिऱ्हाईक म्हणून नाही, माल तपासायला चला.

गरम पाण्यातून निघाल्यावर त्यांनी माझ्या पाठीला हिरवा मोजा लावला. मी नको म्हणालो.

"गप बसा. किती वर्षांचा मळ आहे हा? कोण घासतं तुमची पाठ?"

"मी लांब दांड्याचा ब्रश वापरतो."

"ब्रश!" शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंत का आजोबा? वकीलसाहेब ब्रश वापरतात. माझा धंदा बुडवणार हे." मग मला म्हणाले, "माणसाचा हात स्वतःच्या पाठीच्या मधोमध पोचत नाही, यावर माझी तीन पोटं भरतात. तिथे दुसराच माणूस लागतो. शेवटचे कधी गेला होतात तिकडे?"

"गेल्या वर्षी जमलं नाही. ऑफिस नवं होतं."

"त्याच्या आधी?"

"एक लवाद चालू होता."

"म्हणजे तुम्ही हंस नाहीच. पेंग्विन आहात." ते मोठ्याने हसले, भिंतींवरून आवाज परत आला. "पण पेंग्विन-बापाकडे तिकिटाला पैसे नसतात, म्हणून तो बिचारा उडत नाही. तुम्हाला काय धाड भरलीय?"

मग उकडलेली अंडी आणि गोड भाताचं थंड पाणी. त्यांच्या बायकोचा वाढदिवस मे महिन्यात असतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. बाळंतिणीला आणि वाढदिवसाला करतात ते समुद्रशेवाळाचं सूप त्यांना येत नाही, हे दोनदा. मी म्हणालो, ते यायची गरज नाही, तुम्ही जाणारच नाही आहात. त्यावर ते अंडं सोलत राहिले.

पाठ दोन दिवस लाल राहील, असं म्हणाले.

८ मे, गुरुवार

पालक दिन. रस्त्यावर जो तो छातीला मुलांनी दिलेलं कार्नेशनचं फूल लावून. हारिन पहिली तीन वर्षं कागदाचं फूल टपालाने पाठवायची. गेल्या वर्षी फोनवर चित्र आलं होतं. या वर्षी अजून काही नाही. तिकडे हा दिवस नसतो, आणि वेळही मागे असते. उद्यापर्यंत थांबायला हवं.

युन्हेचा निरोप मात्र आला. हारिनच्या जन्माची नोंद हवी. 'टपालाने चालेल. तरी विचारते, या वर्षी येणं होईल का?'

मी लिहिलं, 'शरदात नक्की बघतो.' 'नक्की' आणि 'बघतो' हे शब्द मी करारात कधी शेजारी ठेवू देत नाही. पण हे घरचं आहे.

प्यो बाईंनी नोंद काढली. अपोस्टिलचा अर्ज भरताना कारणाचा रकाना आला.

"कारण काय लिहू?"

"शालेय."

"मॅडमनी तसं सांगितलंय?"

"दुसरं काय असणार?"

त्यांनी 'शालेय' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा लहान होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

९ मे, शुक्रवार

चित्र आलं नाही. तिच्या परीक्षा असाव्यात.

१२ मे, सोमवार

हामशेठचा फोन, विमानतळावरून.

"वकीलसाहेब, मी चाललोय."

"कुठे?"

"जिथे पाऊल ठेवायचं नाही तिथे."

मी शांतपणे सांगितलं की, हे सगळ्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. उतरताच कागद बजावले जातील. आठ महिने गेले. भाषांतरावरची हरकत गेली. तुमचा मुक्काम पुरावा ठरेल.

"ठरू दे. शेवाळ घेतलंय दोन किलो. बॅग तपासताना इथल्या पोरीने विचारलं, हे काय? म्हटलं, माझी बाजू."

"शेठ, तुम्हाला सूप येत नाही."

"मग तुम्ही या, शिकवा. नाही येत ना? ठेवा फोन."

फाइलवर नोंद केली: पक्षकाराने सल्ला मानला नाही. तारीख, वेळ, माझी सही. हे स्वतःच्या संरक्षणासाठी आवश्यक असतं.

२१ मे, बुधवार

आज सरकारी दांपत्य दिन. दोन माणसांचं एक होणं म्हणून मेची एकवीस. वॉर्ड कार्यालयाच्या सभागृहात माझं भाषण ठेवलं होतं: 'सीमेपारचं कुटुंब: कायद्याच्या नजरेतून.' साठेक लोक. बहुतेक माझ्या वयाचे, एकटे आलेले. शेवटच्या रांगेत दोघे झोपले होते. बाकीचे लिहून घेत होते.

मी धोक्याच्या खुणा सांगितल्या. जोडीदार एकामागून एक दाखले मागतो. कारण सांगत नाही. भांडत नाही. भांडण थांबणं ही सगळ्यात उशिराची खूण असते, हे वाक्य मी दोनदा म्हटलं. लोकांनी दोनदा लिहिलं.

प्रश्नोत्तरांत जांभळा टाय लावलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "तुमचं कुटुंब कुठे असतं, वकीलसाहेब?"

"व्हँकुव्हर."

"मग तुमच्याकडे या खुणा कधी दिसल्या?"

लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, "डॉक्टर स्वतःची नाडी बघत नाही." टाळ्या झाल्या.

बाहेर आल्यावर फोन पाहिला. युन्हेला घराचा उतारा हवा आहे. बहुधा तिथल्या बँकेला. भाडं सोडून तिकडे छोटं घर घ्यायचा विचार असेल. मी दीड वर्षापूर्वी तसं सुचवलं होतं. बायको माझं ऐकते, फक्त उशिरा.

या वेळी 'या' असं काही लिहिलं नव्हतं. कामाचं तेवढंच होतं. बरं वाटलं. आमचा व्यवहार सुटसुटीत झाला आहे.

२८ मे, बुधवार

हामशेठ परत आले. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी.

"सूप उतू गेलं. धुराची घंटा वाजली. इमारत रिकामी केली. आगीचे बंब आले वकीलसाहेब, दोन! धाकटा इतका हसला की खाली बसला. सात वर्षांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. फोनवर हसू दिसतं, पण ऐकू येत नाही."

"आणि पत्नी?"

"ती फुटपाथवर पायजम्यात उभी. शेजारीपाजारी सगळे. मला म्हणाली, 'अहो, तुम्ही आलात की घर पेटतं.' मी म्हटलं, 'न येता पण पेटलंच होतं की.' मग ती रडली. मग शिव्या दिल्या. दोन दिवस शिव्या दिल्या. मी सगळ्या ऐकल्या. तुमची फी आठवत ऐकल्या, ताशी."

"कागद बजावले का?"

"तिनेच दिले, हातात. म्हणाली, वाच. मी तिच्यासमोर बसून वाचले. एकतीस पानं. तुम्ही म्हणाला होता तसं भाषांतर वाईट होतं. तिने प्रत्येक पानावर स्वतःला काय म्हणायचं होतं ते मला सांगितलं."

अर्ज सहा महिन्यांसाठी थांबवला आहे. कारखाना पुतण्या बघेल. हामशेठ तिकडे जाणार, एक खोली भाड्याने घेऊन वेगळे राहणार, आणि रोज संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडे. पुढचं पुढे. फाइल बंद करायला आले होते.

मी बंद केली. शेरा: 'पक्षकाराने अनुकूल स्थिती स्वतःच्या हाताने घालवली.'

दारात थांबून ते म्हणाले, "तुम्ही वाईट वकील नाही हो. तुमचे कागद अगदी चोख होते. तिच्या वकीलबाईपण म्हणाल्या."

तिची वकीलबाई म्हणजे ग्वाक. व्हँकुव्हरमध्ये मी काम पाठवतो तीच. तिथे आपल्या भाषेत चांगलं काम करणारी दुसरी कोणी नाही, हे मी युन्हेलाही एकदा सांगितलं होतं. हारिनच्या मैत्रिणीच्या आईला हवी होती, तेव्हा.

९ जून, सोमवार

ग्वाक वकीलबाईंचं पत्र. चार ओळी. यापुढे त्या माझ्याकडून आलेली कौटुंबिक प्रकरणं घेऊ शकत नाहीत. हितसंबंधांचा संघर्ष आहे. तपशील देता येत नाहीत. 'कारण आपल्या लक्षात येईल, अशी आशा आहे.'

कारण माझ्या लक्षात आलं. मे महिन्यातल्या भाषणाची बातमी तिथल्या साप्ताहिकात आली होती. तिला माझी भीती वाटायला लागली आहे. धंद्यात हे होतं.

प्यो बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं.

"साहेब, उद्या सुट्टी घ्या."

"का?"

"तिकडे जाऊन या. मी आठवडाभर सांभाळते."

"ग्वाकला भेटायला? तिच्यामागे विमानाने धावू? ती आपणहून परत येईल."

प्यो बाईंनी पत्र फाइलला लावलं. कोणत्या फाइलला ते पाहिलं नाही.

२० जून, शुक्रवार

उत्पन्नाचा दाखला. युन्हेने एका ओळीत मागितला. पाठवला. चार तासांच्या आत. हा माझा उच्चांक.

संध्याकाळी वाटलं, फोन करावा. तिकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नाही केला. काय बोलायचं तेही ठरलं नव्हतं. विषय ठरवून फोन करावा हे बरं.

२० जुलै, रविवार

उन्हाळ्यातला पहिला उकाड्याचा सण. आख्ख्या कोंबडीचं जिनसेंग घातलेलं सूप खायला गेलो. एकट्याला टेबल देत नव्हते. वेटर बाई म्हणाल्या, "अहो, दोन ताटं घ्या, मग बसा." दोन घेतली.

सकाळच्या व्हिडिओत युन्हेच्या मागची भिंत रिकामी होती. लग्नाचा फोटो असायचा तिथे खिळा होता. रंग द्यायचा असेल. हारिन दोन मिनिटं आली. ओल्या केसांनी. मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वेळी हेच विचारता." मग तिने एक वाक्य इंग्रजीत म्हटलं, आईला. वेगाने म्हटलं. मला कळलं नाही. पाच वर्षं ज्यासाठी खर्च केला ते इंग्रजी चांगलंच झालं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

व्हिडिओ झाला नाही. युन्हेचा निरोप: 'काही दिवस रविवारी जमणार नाही.' माझ्याकडेही काम होतंच.

२२ सप्टेंबर, सोमवार

साडेदहाला पोस्टमन आला. कोर्टाचं जाड पाकीट. मी आठवड्याला अशी बरीच घेतो, पक्षकारांच्या वतीने. सही केली. प्यो बाई उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या.

सवयीने आधी भाषांतर काढलं. पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर प्रतिवादीच्या पत्त्यात खोलीचा क्रमांक नाही. समासात खूण केली. नवव्या पानाला आकडा नाही. दुसरी खूण. दोन दोष म्हणजे आठ महिने. तसं समासात लिहिलं: 'आठ महिने.' मग विवाहाचं स्थळ तपासायला पहिल्या पानावर परत आलो.

प्रतिवादी: योम जे-ग्यंग.

हे माझं नाव आहे.

पेन्सिल बाजूला ठेवून पहिल्यापासून वाचलं. अर्जदार युन्हे. वकील ग्वाक. जोडपत्रं पाच. त्यांत एकही दोष नाही. अपोस्टिलचे शिक्के सरळ आहेत, स्टेपल डाव्या कोपऱ्यात तिरपी, मी मारतो तशी. कुटुंबनोंदीची जादा प्रतही जोडली आहे.

परिच्छेद अकरा: 'प्रतिवादीने मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याची शेवटची तारीख, तीन वर्षांपूर्वीची एकोणीस फेब्रुवारी.' मला ती चूक वाटली. कपाटातून त्या वर्षाची दैनंदिनी काढून पाहिलं. तारीख बरोबर आहे. त्या दिवसाची माझी नोंद अशी: 'परत निघालो. विमान वेळेवर.'

परिच्छेद बारा: 'अर्जदाराने मागितलेले कागद प्रतिवादीने स्वतः घेऊन यावेत, असे तिने तीनदा सुचवले. कागद आले.'

चांगलं लिहिलं आहे. यात काही वाढवता येणार नाही.

प्यो बाई दारात उभ्या होत्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"मार्चपासून."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुम्हीच शिकवलंत ना, पक्षकाराच्या घरच्या गोष्टीत बोलायचं नाही. तुम्ही कागद करायला दिलेत, मी केले." मग त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आणि सांगितलं नाही कसं? फोन करा म्हटलं. जाऊन या म्हटलं. आठवडाभर सांभाळते म्हटलं. अजून कसं सांगतात माणसं? अपोस्टिल लावून?"

त्या पाणी आणायला गेल्या. पाणी आणलं नाही.

दुपारभर उत्तराचा मसुदा केला. पत्त्यातला दोष, पानाचा आकडा. पाऊल न ठेवणं. मसुदा निर्दोष झाला. तो वाचताना हामशेठचा प्रश्न आठवला, आठ महिने मिळवून काय करू. मी तेव्हा दिलेलं उत्तर फाइलमध्ये आहे. पाहिलं. दोन शब्द आहेत.

चारला हामशेठना व्हँकुव्हरला फोन केला. तिकडे मध्यरात्र, हे लावल्यावर लक्षात आलं.

"कोण मेलं?" ते म्हणाले.

"कोणी नाही. ते शेवाळ. भिजवायचं किती वेळ?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइन अडकलेली नव्हती.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "आणि पातेलं मोठं घ्या. कधी येताय?"

"चार ऑक्टोबरला हारिनचा वाढदिवस आहे."

"दार उघडेलच असं नाही हां. माझी गोष्ट वेगळी होती."

"माहीत आहे."

"उघडलं नाही तर काय कराल?"

मी पेन्सिल खणात टाकली.

"माझ्या खोलीत जमिनीवर जागा आहे," हामशेठ म्हणाले. "उशी तुमची तुम्ही आणा."

मसुदा फाडला नाही. खणात ठेवला. त्याच खणात पासपोर्ट होता. सीमेपारच्या कायद्याचं ऑफिस उघडल्यापासून तो बाहेर काढायची वेळ आली नव्हती. गेल्या नोव्हेंबरात त्याची मुदत संपली आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नऊ वाजता वॉर्ड कार्यालयात पासपोर्टच्या खिडकीवर गेलो. माझा क्रमांक चौदा होता. अर्जात अडचणीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचा रकाना असतो. नाव, नातं, फोन. युन्हेचं नाव लिहिलं. नात्यासमोर 'पत्नी' लिहिलं. आजच्या तारखेला ते कायद्याने बरोबर आहे. खिडकीतल्या मुलीने अर्ज तपासला, शिक्का मारला आणि सांगितलं, सोमवारी मिळेल, पण न्यायला स्वतः यावं लागेल.